कान कापणाऱ्यांचे धर्मस्वातंत्र्य

१६३७ साली लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे तीन प्युरिटनांना लोकांसमक्ष खोड्यात अडकवून त्यांचे कान कापण्यात आले. प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक ही त्यांची नावे. राजमान्य चर्चच्या बिशपांवर त्यांनी लेखणी चालविली, हा त्यांचा अपराध. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १६५८ साली, अमेरिकेतील बॉस्टन येथे पुन्हा तीन माणसांचे उजवे कान कापण्यात आले. होल्डर, कोपलंड आणि राउस ही त्यांची नावे. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश असतो, त्यास पाद्र्याची मध्यस्थी नको, असे मानणाऱ्या क्वेकर पंथाचे ते अनुयायी होते. या वेळी सुरी कोणाच्या सत्तेने चालली? ज्यांच्या धर्मबांधवांचे कान लंडनमध्ये गेले होते, त्या प्युरिटनांच्याच सत्तेने!

प्युरिटन लोक धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले, असे आजवर असंख्य पुस्तकांतून सांगण्यात आले आहे. हे विधान अर्धे खरे आहे आणि अर्धे सत्य पुष्कळदा असत्याहून अधिक फसवे असते. त्यांना स्वातंत्र्य हवे होते यात शंका नाही. परंतु ते हवे होते केवळ स्वतःसाठी. दुसऱ्याने तेच मागताच त्यांनी चाबूक उगारला.

१६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्सची वसाहत उभी राहू लागली. पुढच्याच वर्षी तेथील सभेने नियम केला की, चर्चच्या सभासदाखेरीज कोणासही मतदानाचा अधिकार असणार नाही. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. चर्चचे सभासदत्व तरी कसे मिळे? नुसता बाप्तिस्मा पुरत नसे. आपल्यावर ईश्वरी कृपा कशी झाली, हे मंडळीसमोर उभे राहून सांगावे लागे आणि त्या कथनाच्या खरेखोटेपणाचा निर्णय मंडळी देई. म्हणजे एकाच्या अंतःकरणाची परीक्षा दुसऱ्याने घ्यावयाची आणि जो उत्तीर्ण होईल त्यालाच पूर्ण नागरिक म्हणावयाचे! जो उत्तीर्ण झाला नाही त्याचीही सुटका नव्हती. उपासनेस हजर राहण्याची सक्ती त्यालाही होती आणि १६३८ च्या कायद्याप्रमाणे चर्चच्या खर्चाचा वाटाही त्याला उचलावा लागे.

रोजचे जीवनही याच दाव्याला बांधलेले होते. शनिवारच्या सायंकाळी शब्बाथ सुरू झाला की काम बंद, खेळ बंद. उपासनागृहात कोणी कोठे बसावयाचे हे त्याच्या प्रतिष्ठेवरून ठरे. ईश्वरासमोरही पहिल्या ओळीचा माणूस पहिल्या ओळीतच राही. १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला आणि तो १६८१ पर्यंत टिकला. बायबलात या सणाची आज्ञा नाही, म्हणून ख्रिस्ताच्या नावाने चाललेल्या राज्यात ख्रिस्तजन्माचा उत्सव गुन्हा ठरला!

त्यांचे जे श्रेय आहे ते नाकारण्याचे कारण नाही. पाद्र्याने सरकारी अधिकारपद धारण करू नये, हा दंडक त्यांनी पाळला. विवाह त्यांनी दिवाणी अधिकाऱ्यापुढे लावले. १६३६ साली पुढे हार्वर्ड म्हणून प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय स्थापिले. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावास शिक्षक नेमण्याची सक्ती केली. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्यांना या कायद्याचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु वाचावयास शिकवून विचार करण्यास बंदी घालणे, हे कसले शिक्षण? अ‍ॅन हचिन्सन ही स्त्री आपल्या घरी स्त्रियांना जमवून रविवारच्या प्रवचनांची चर्चा करीत असे. पुढे पुरुषही येऊ लागले. १६३७ साली तिच्यावर खटला भरण्यात आला आणि तिला हद्दपारीची शिक्षा झाली. तिने बायबल वाचले नव्हते असे नाही. ते तिने स्वतःच्या बुद्धीने वाचले, हाच तिचा गुन्हा!

त्याच वर्षी या वसाहतवाल्यांनी मिस्टिक येथील पीक्वॉट लोकांच्या तटबंदीच्या गावाला आग लावून शेकडो पुरुष, स्त्रिया व मुले ठार केली. युद्धात पकडलेल्यांपैकी अनेकांना गुलाम करण्यात आले. पुढे १६४१ साली नॅथॅनियल वॉर्ड या पाद्र्याने मुख्यतः रचलेली स्वातंत्र्यांची संहिता मंजूर झाली. त्या संहितेत युद्धकैद्यांना आणि विकल्या गेलेल्यांना गुलाम ठेवण्याची वाट मोकळी सोडली होती. स्वातंत्र्याच्या संहितेत गुलामगिरीचे कलम!

यावर त्यांचे कैवारी म्हणतात, ती त्या काळाची माणसे होती. आजच्या मापाने त्यांना मोजू नये. ठीक आहे, त्याच काळाच्या मापाने मोजू. रॉजर विल्यम्स हा त्याच काळचा, त्याच धर्माचा पाद्री. माणसाच्या उपासनेवर राज्याचा अधिकार नाही आणि राजाच्या सनदेने मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही, असे तो सांगे. १६३५ च्या ऑक्टोबरात त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, तो बाहेर पडला. नॅरगॅन्सेट लोकांनी त्याला जमीन दिली आणि तेथे प्रॉव्हिडन्स गाव वसले. १६५७ साली शेजारच्या वसाहतींनी दबाव आणला तेव्हाही र्‍होड आयलंडने क्वेकरांना हाकलून देण्यास नकार दिला. मग काळाला दोष कसा द्यावयाचा? काळ दोघांचा एकच होता. एकाने मार्ग पाहिला, दुसऱ्याने पाहूनही नाकारला.

त्या नकाराची किंमत मेरी डायरने दिली. १६५९ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये तिच्या दोन क्वेकर सोबत्यांना फाशी देण्यात आली. तिला वधस्तंभापाशी नेऊन सोडून देण्यात आले. हद्दपारीचा अन्यायी कायदा मोडण्यासाठी ती परत आली आणि १ जून १६६० रोजी तिला फाशी देण्यात आली. आज बॉस्टनच्या विधिभवनासमोर तिचा पुतळा आहे. तो १९५९ साली, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांनी उभा राहिला. मॅसॅच्युसेट्समधील चर्चचा कर तर १८३३ पर्यंत पुरता गेला नव्हता.

वाचकहो, आपण आपल्या विवेकाने एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला आहे. म्हणून हा इतिहास आपण परक्याचा म्हणून वाचून बाजूला ठेवू नये. छळ सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. छळाची आठवण दुसऱ्याच्या रक्षणास लावावी, तेव्हाच तो न्यायी होतो. एखाद्या धर्मसमूहाची परीक्षा त्याने आपल्या अनुयायांना काय दिले यावरून करू नका. त्याला नको असलेले मत मांडणारी स्त्री त्याच्या दारात उभी राहते, तेव्हा तो काय करतो ते पाहा. पुतळा तीनशे वर्षांनी कोणीही उभारील. ती जिवंत असताना तिला बोलू द्यावयाचे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.