शेवट दाखवा की राव!

‘अमुक मालिका घेणार प्रेक्षकांचा निरोप’ अशी बातमी आली की हसू येतं. कारण बहुतेक वेळा प्रेक्षकांनीच तिचा निरोप आधी घेतलेला असतो. टीव्ही चालू असतो, आई भाजी निवडत असते, बाबा मोबाइलमध्ये असतात आणि पडद्यावर कुणीतरी दारात उभं राहिलं म्हणून सहा जणांचे चेहरे आळीपाळीने झूम होत असतात. काय चाललंय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काही नाही, पाणी घालताहेत.”

अमेरिकेत यासाठी ‘जम्प द शार्क’ असा शब्दप्रयोग आहे. १९७७ मध्ये ‘हॅपी डेज’ या गाजलेल्या मालिकेत सगळ्यांचा लाडका फॉन्झी वॉटर स्कीइंग करता करता चक्क शार्कवरून उडी मारतो. मालिकेकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही, याची ती खूण ठरली. गंमत म्हणजे मालिका पुढे १९८४ पर्यंत सुरूच होती! म्हणजे गोष्ट संपणं वेगळं आणि मालिका बंद होणं वेगळं. आपल्याकडे या दोन्हींमधलं अंतर प्रेक्षकांच्या माथी मारलं जातं.

‘होणार सून मी ह्या घरची’ आठवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने श्री, जान्हवी आणि श्रीच्या सहा आया घराघरांत पोहोचवल्या. प्रश्न साधा होता, या दोघांचं जमणार का? जमलं. मग नवा प्रश्न हवा म्हणून एकेक संकट आलं आणि शेवटी जान्हवीची प्रेग्नन्सी इतकी लांबली की व्हॉट्सअ‍ॅपवर त्यावरचे विनोद मालिकेपेक्षा जास्त फिरले. ‘माझ्या नवऱ्याची बायको’चंही तसंच. नागपूरची राधिका, तिची भाषा, तिचा स्वाभिमान हे सगळं २०१६ मध्ये ताजं होतं. नवऱ्याला धडा शिकवून ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, तिथे गोष्ट पूर्ण झाली होती. मालिका मात्र मार्च २०२१ पर्यंत चालली. गुरुनाथला अद्दल घडायची, पुढच्या आठवड्यात तो परत तसाच!

हिंदीत ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ पासून सुरू आहे, चार हजारांहून जास्त भाग झालेत. २०१७ मध्ये दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी मालिकेपासून दूर गेल्या. टप्पू बदलला, मग पुन्हा बदलला. २०२२ मध्ये खुद्द तारक मेहतांच्या भूमिकेतले शैलेश लोढाही बाहेर पडले. दया येणार, येणार म्हणत ट्रॅक रंगवले गेले, ती आलीच नाही आणि चाहते भडकले. प्रेक्षकाच्या प्रेमाचा वापर आमिष म्हणून झाला की त्याला ते कळतं.

मग दोष लांबीचा आहे का? तसंही नाही. ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली आणि नंतर परतही आली. तिथे केस संपायची. दयाने दार तोडलं, खुनी सापडला, विषय संपला. रोजच्या मालिकेत मात्र एकच केस वर्षानुवर्षं उघडी ठेवायची असते. आठवड्याचे सहा दिवस, रोज साधारण बावीस मिनिटं भरायची. लेखक आजचा सीन आज लिहून सेटवर पाठवतोय, दर गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा घसरला की ठरलेला ट्रॅक गुंडाळून कुणाचा तरी अपघात किंवा स्मृतिभ्रंश घडवायचा. अशा घाईत चांगल्या लेखकाचीही दमछाक होणारच.

चॅनेलची बाजूही समजून घेऊ. चालू मालिका म्हणजे जमलेला प्रेक्षक, उभा सेट, ठरलेल्या जाहिराती. नवी मालिका म्हणजे नवा खर्च आणि नवा जुगार. शिवाय मालिका बंद झाली की स्पॉटदादांपासून मेकअप आर्टिस्टपर्यंत अनेकांचं रोजचं काम थांबतं. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यावर उत्तर एकच गोष्ट ताणत राहणं हे नव्हे, दुसरी गोष्ट तयार ठेवणं हे आहे.

आणि हे आपल्याकडे जमलेलं आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये संपली, मधे थांबली आणि २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वात मागच्या काळात जाऊन अण्णा आणि शेवंताची गोष्ट घेऊन आली. ते पर्व अनेकांना पहिल्याहून जास्त आवडलं. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने २०१६ च्या सुरुवातीला, वर्षभराच्या आत निरोप घेतला. माजघरातली ती सहा जणं आजही आपल्याला तशीच आठवतात, कारण त्यांचं काही वाईट होताना आपण पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी तेच कलाकार ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन आले, तेव्हा मात्र ती जादू पुन्हा झाली नाही. आधीची वेळेवर थांबली हे किती बरं झालं, ते तेव्हा कळलं.

“आम्ही तर ओटीटी बघतो, आम्हाला काय?” असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणेलच. पण आपण क्लिप पाहतो, मीम बनवतो आणि आठ भागांच्या वेबसीरिजकडे वळतो. घरातली आजी किंवा दिवसभर राबून संध्याकाळी बसलेली आई तिथेच राहते. त्यांच्या हक्काच्या त्या तासा-दोन तासांत त्यांना शिळं वाढलं जातं आणि आपण वर त्यांच्या आवडीलाच हसतो. आपली चेष्टा टीआरपीच्या मीटरपर्यंत पोहोचतही नाही. तो मीटर घरातल्या टीव्हीवर काय लागलंय, तेवढंच मोजतो.

म्हणून मागणी साधी आहे. मालिका सुरू करतानाच ती साधारण किती भागांची हे ठरवा आणि प्रेक्षकांना सांगा. हवं तर पर्वं करा, मधे श्वास घ्या, लेखकाला वेळ द्या. आणि आपल्यापैकी जे उद्या याच इंडस्ट्रीत लिहायला जाणार आहेत, त्यांनी पहिल्या भागाआधी शेवटचा भाग लिहून ठेवावा. आपल्या आज्यांनी रोज रात्री गोष्ट सांगितली, पण ती कधी अर्धवट ठेवली नाही. निदान त्यांना तरी पूर्ण झालेली गोष्ट मिळायला हवी.