कमरेचे पिस्तूल आणि रानातले अस्वल

पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू मंडळींस सह्याद्रीची ओढ लागली आहे, ही गोष्ट वाईट नाही. मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या पाण्याभोवती लवासा नावाचे डोंगरी शहर वसविण्यात आले. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने त्याचे काम थांबविले, २०१८ साली ते दिवाळखोरीच्या कज्जात गेले. तरी त्या डोंगरांवर घर असावे ही हौस काही मावळली नाही. परंतु डोंगराबरोबर डोंगरातल्या जनावराचे भय येते आणि भयामागोमाग शस्त्राची चर्चा येते. रानात जाताना कमरेला कोणते पिस्तूल लावावे, अस्वल समोर उभे राहिले तर किती बोअरची गोळी त्यास अडवील, या प्रश्नाचा खल परदेशी शिकारीची वर्णने वाचून पुष्कळ तरुण मोठ्या गांभीर्याने करीत असतात. हा खल पोरकट म्हणून सोडून देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कारण त्यात प्राणाचा प्रश्न आहे, कायद्याचा आहे आणि आपल्या देशात शस्त्र कोणी, कशासाठी व कोणाच्या विश्वासावर बाळगावे, हा जुना राष्ट्रीय प्रश्नही आहे.

प्रथम हा प्रश्न मूळचा कोठला ते पाहू. तो अमेरिकेतला, विशेषतः अलास्कातला आहे. तेथील तपकिरी अस्वल वजनाला कित्येक क्विंटल भरते. तेथे परवाना काढून शिकार करणे कायदेशीर आहे. आणि १९५५ साली निघालेल्या.४४ मॅग्नम जातीच्या रिव्हॉल्व्हरसारखी जबर शस्त्रे तेथे दुकानात मिळतात. अशा देशातल्या माणसाने कमरेच्या शस्त्राची निवड चर्चिली तर ते स्वाभाविक आहे. तेथील संशोधकांनी १८८३ ते २००९ या काळातील अलास्कातल्या २६९ प्रसंगांची छाननी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिस्तुलाच्या कैवाऱ्यांस अनुकूल असलेली गोष्ट आम्ही लपवीत नाही: जेथे पिस्तूल झाडले गेले, तेथे शेकडा ८४ वेळा अस्वल हटले. परंतु त्याच छाननीत असेही दिसून आले की, ज्यांनी जवळचे शस्त्र झाडले आणि ज्यांनी जवळ असूनही झाडले नाही, त्या दोघांस झालेल्या इजेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यापूर्वी २००८ साली त्याच संशोधकांनी मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याची परीक्षा केली होती. त्या फवाऱ्याने दहापैकी नऊ वेळा अस्वल परतविले. म्हणजे पिस्तुलाच्या माहेरीच पिस्तुलाची थोरवी वादग्रस्त ठरली आहे.

आता आपल्या अस्वलाकडे वळू. मुळशीच्या डोंगरात भय आहे ते मुख्यतः बिबट्याचे व रानडुकराचे. अस्वलाचे खरे राज्य मेळघाट, ताडोबा, नागझिरा, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य आणि गडचिरोलीचे रान येथे आहे. दक्षिणेकडे कोयना-चांदोलीच्या जंगलातही ते आढळते. दरवेशाच्या दोरीला नाचणारे अस्वल एका पिढीने पाहिले. तो खेळ कायद्याने बंद झाला, हे योग्यच झाले. हे जनावर वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे व मोहाची फुले खाऊन राहते. नराचे वजन सामान्यतः ८० ते १४५ किलो भरते. त्यास माणसाचे मांस नको असते. परंतु त्याची दृष्टी अधू, कान मंद, आणि वाळवीचे वारूळ उकरण्यात ते गढले म्हणजे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाही. मग ते दचकते आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. मादीच्या पाठीवर पिले असली तर बोलावयासच नको. घाव बहुधा डोक्यावर व चेहऱ्यावर बसतात. हा सर्व प्रकार चार-दोन क्षणांचा. तेवढ्यात चामडी खोळ उघडून, पिस्तूल काढून, झुडपातून धावून येणाऱ्या काळ्या लोटावर नेम धरणे हे कसलेल्या शिपायासही कठीण. महिन्यातून एकदा निशाणीवर दहा काडतुसे उडविणाऱ्या हौशी गृहस्थाची कथा काय?

बरे, पिस्तूल तरी कोणते मिळणार? सैन्याच्या व पोलिसांच्या उपयोगाचे बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. परवानाधारक नागरिकाच्या वाट्यास बहुधा .३२ बोअर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे रिव्हॉल्व्हर याच जातीचे. अलास्कातल्या .४४ मॅग्नमच्या गोळीचा जोर याच्या निदान सहापट असतो. एवढ्या हलक्या गोळीने अस्वल जागच्या जागी पडेल ही आशा व्यर्थ आहे. जखमी होऊन ते रानात शिरेल मात्र, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने सरपणाला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्याचे उट्टे निघेल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता कायदा पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यास १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने या देशात हौसेची शिकार संपली. अस्वल त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची शिकार करणारास तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. कोणी म्हणेल, ‘शिकार नको, परंतु जीव वाचविण्यासाठी गोळी झाडली तर?’ कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमाने ती मुभा ठेविली आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणार्थ सद्बुद्धीने जनावर मारले वा जखमी केले तर तो गुन्हा नव्हे. परंतु पुढची ओळ वाचावयास विसरू नये. हा प्रसंग ओढवला तेव्हा जो मनुष्य स्वतःच या कायद्याविरुद्ध वर्तन करीत होता, त्यास ही सवलत नाही. म्हणजे शिकारीस म्हणून निघालेला इसम अस्वलाच्या तावडीत सापडला व त्याने गोळी झाडली, तर स्वसंरक्षणाची ही ढाल त्याच्या हातून कायद्यानेच काढून घेतली आहे. शिवाय अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेणेच कलम ३१ प्रमाणे मना आहे. आणि कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव नोंदविले पाहिजे, व तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून देता येत नाही. २०१३ साली ताम्हिणीचे अभयारण्य जाहीर झाल्यापासून मुळशीकडील बंगलेवाल्यांनी ही दोन कलमे पाठ करून ठेवण्याजोगी आहेत. तात्पर्य, जेथे पिस्तूल चालवावयाचे तेथे ते नेता येत नाही आणि जेथे नेता येते तेथे त्याचा उपयोग नाही.

येथे आमचा एखादा जुना वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, ‘तुम्ही तर राष्ट्रीय पक्षाचे. १८७८ साली लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला. गोऱ्यास बंदूक खुली आणि काळ्यास बंद, असा भेद त्यात झाला. त्याविरुद्ध तुमच्याच पूर्वसूरींनी आवाज उठविला. १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेने त्या कायद्यात दुरुस्ती मागितली. १९३१ च्या कराचीच्या ठरावाने नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला. आणि आज तुम्हीच पिस्तूल नको म्हणता?’ आक्षेप वजनदार आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. त्या मागणीचे बळ दोन गोष्टींत होते. एक, राज्यकर्त्याने प्रजेवर अविश्वास दाखवू नये आणि वर्णभेदाने तर मुळीच दाखवू नये. दुसरी, रानालगतच्या रयतेस आपले पीक व आपला जीव राखण्याचे साधन असावे. नागरिकाने शोभेसाठी शस्त्र मिरवावे, ही मागणी त्यात नव्हती.

आणि नवल असे की, १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेविली आहे. कलम १३ पाहा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली असता, अर्जदार अपात्र नसल्यास अधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ असे कायदा म्हणतो. पिस्तुलाचे तसे नाही. त्यास सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे कायद्याच्या पंक्तीत शेतकरी पहिल्या पाटावर आहे आणि पिस्तूलवाला मागच्या. व्यवहारात मात्र कागद लिहिण्याची, साहेबास भेटण्याची, खेपा घालण्याची ऐपत ज्यास अधिक, त्याचा पाट पुढे सरकतो, हे आम्ही कचेऱ्यांच्या ओसरीवर पुष्कळदा पाहिले आहे. कायद्यातला क्रम हाच कचेरीतला क्रम असावा, एवढीच आमची मागणी आहे.

मुळशीचेच उदाहरण घ्या. ज्या मुळशीने १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या तालुक्यातील एका गावी जमिनीच्या वादातून शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये लोकांपुढे आली व पोलिसांनी गुन्हा नोंदविला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयाने करावा. आम्ही कोणास दोषी ठरवीत नाही. परंतु त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. अस्वलाच्या किंवा बिबट्याच्या नावाने डोंगरात आलेले पिस्तूल वर्षानुवर्षे खोळीत पडून राहते, कारण जनावर वाद घालावयास येत नाही. वाद घालावयास येतो तो बांधावरचा माणूस. आणि मग जनावरासाठी घेतलेले शस्त्र माणसाकडे वळावयास कितीसा वेळ?

आता ज्याच्या जिवास अस्वलाचे भय खरोखर आहे, त्याच्याकडे पाहा. तो शिकारी नव्हे, बंगलेवालाही नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटेच्या अंधारात मोहाच्या झाडाखाली वाकून फुले वेचणारी बाई, मे महिन्यात तेंदूची पाने तोडणारे कुटुंब, सरपणाला गेलेली पोर, शौचास रानाकडे गेलेला म्हातारा, ही माणसे अस्वलापुढे सापडतात. मोहाचे फूल अस्वलासही गोड लागते. एकाच झाडाखाली दोन भुकेले जीव अंधारात एकमेकांवर आदळतात. आपल्या शेजारच्या तत्कालीन मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत ७३५ माणसांवर अस्वलांनी हल्ले केल्याची व त्यांपैकी ४८ दगावल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे, नाक, जबडा जातो आणि पुढील सर्व आयुष्य पदराआड तोंड लपविण्यात जाते. यांपैकी कोणाच्या कमरेला पिस्तूल लावावे असे आमचे पिस्तुलप्रेमी मित्र सुचवितात?

या लोकांस जे पाहिजे ते स्वस्त आहे, परंतु त्यात मिरवण्याजोगे काही नाही. उजाडल्याखेरीज मोह वेचावयास जाऊ नये. एकट्याने न जाता टोळीने, बोलत-हाक मारीत जावे, म्हणजे अस्वलास आधी चाहूल लागून ते वाट सोडते. हाती लांब काठी असावी. हे शहाणपण रानातल्या लोकांस आम्ही शिकवावे असे नाही. परंतु पोटाची घाई त्यांस ते पाळू देत नाही. त्यांची घाई कमी करणे हे सरकारचे काम आहे. घरी गॅस व नळ असेल तर सरपणाच्या व पाण्याच्या खेपा टळतात. दारी शौचकूप असेल तर पहाटेचे रान टळते. मिरचीच्या फवाऱ्याची कसोटी वनखात्याने आपल्याकडील अस्वलावर घेऊन पाहावी. हल्ल्यात मृत्यू आल्यास वारसांस २५ लाख रुपये देण्याचे महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ठरविले, ते स्तुत्यच आहे. परंतु जो जिवंत राहिला, त्याच्या फाटलेल्या चेहऱ्यावर उपचार करणारा शस्त्रवैद्य जिल्ह्याच्या ठिकाणी पाहिजे. नागपूरपर्यंतचा प्रवास हा गरिबास दुसरा हल्लाच होय.

शेवटी दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांसाठी. विडीचा धंदा तेंदूच्या पानावर चालतो आणि ते पान अस्वलाच्या रानातून येते. ठेकेदाराने हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तोडणाऱ्याचा विमा उतरावा, टोळीगणिक एक राखणदार नेमावा व जखमीस दवाखान्यात नेण्यासाठी गाडी तयार ठेवावी, असा आग्रह पानाचे गिऱ्हाईक म्हणून तुम्ही धरू शकता. वनखात्यास त्या अटी ठेक्याच्या कागदातच घालता येतील. एका .३२ रिव्हॉल्व्हरच्या किमतीत टोळ्याच्या टोळ्यांचा विमा उतरेल. पिस्तूल कोणते घ्यावे या प्रश्नास आमचे उत्तर एवढेच की, ते पैसे तेथे घालावे. रानात रिकाम्या हाताने जाणाऱ्यांची काळजी ज्या समाजाने वाहिली, त्याच समाजास शस्त्राच्या हक्काविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.