तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

महामार्ग अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्तेकामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव गुप्त ठेवा, असंही लिहिलं. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथं त्यांचा खून झाला. कोर्टाने लुटारूंना दोषी धरलं. पण नाव फुटलं ते फुटलंच.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसाठी प्रत्येक धर्मप्रांतात व्यवस्था सक्तीची केली, तक्रारदाराला त्रास देण्यास मनाई केली. शाळा-ट्रस्टच्या पैशांबाबत तसं का नसावं? आपल्याकडे पेटी ऑफिसच्या दारात, अन् किल्ली साहेबांच्या खिशात! मग शिपाई लिहील कशाला? किल्ली बाहेरच्या दोघांकडे द्या. नाव त्यांच्यापलीकडे जाऊ नये. झाकून अब्रू वाचत नाही, आतलं सडतं तेवढं.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव