औषधांच्या डब्यातील उरलेल्या गोळ्या

पावसाळा आला की सुशिक्षित घरांतील औषधांचा डबा फडताळातून खाली उतरतो. त्यात गतवर्षीच्या आजारातील दोन-चार गोळ्या शिल्लक राहिलेली एखादी पट्टी हमखास सापडते. आणि कोणाचा घसा खवखवू लागला की वडीलधारे माणूस त्यांतील एक गोळी त्याच्या हातावर ठेवते. मागच्या खेपेस हिनेच उतार पडला होता, एवढे वैद्यकशास्त्र त्यास पुरते. हा डबा केवळ त्या घराचा खासगी प्रश्न राहिलेला नाही, म्हणूनच त्याचा विचार आम्ही पहिल्या पानावर करीत आहोत.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी केलेल्या भाषणात एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्याच मताने थोडेसे पेनिसिलीन घेतो. त्याने जंतू मरत नाहीत. उलट औषधास तोंड कसे द्यावे याचे शिक्षण मात्र त्यांस मिळते. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीस बाधतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. (आयुष्याची काही वर्षे शिक्षकी पेशात घालविलेल्या आम्हांस असले यशस्वी शिक्षण पाहून हेवाच वाटावा!) पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, त्याच्याही आधीचा हा इशारा आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधास न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे घडले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सर्दी व फ्लू हे विषाणूंचे विकार. त्यांवर प्रतिजैविक मुळीच चालत नाही. तेव्हा डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही तर त्यांस हिणविण्याचे, अथवा ‘काहीतरी जोरदार द्या’ म्हणून गळ घालण्याचे कारण नाही. लिहून दिले, तर ते कसे घ्यावयाचे हे तेथेच विचारून घ्यावे. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांस लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीन देतात, त्याचेच उदाहरण घ्या. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, ताठ बसून घ्यावयाची असते. घोटभर पाण्याने ती कशीबशी गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून व्रण होऊ शकतो. दुधाबरोबर, तसेच कॅल्शियम, लोह वा आम्लपित्तावरील औषधांबरोबर घेतल्यास ती पुरेशी अंगी लागत नाही. उलट काही प्रतिजैविके जेवणाबरोबरच घेणे हितावह असते. सर्वांस एकच नियम नाही.

पूर्वी कोणत्याही औषधाने अंगावर पुरळ उठले असेल तर ते आरंभीच सांगावे. गोळी घेतल्यावर चेहरा सुजला वा श्वास लागला तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. एखादी मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

ताप उतरताच गोळ्या थांबविणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. काही विकारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचारही पुरतात, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे, हे खरे. परंतु दिवस किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागलेल्या रुग्णाने नव्हे. ते सांगतील तितके दिवस, सांगतील त्या अंतराने औषध घेतले, तर डब्यात ठेवण्यास सहसा काही उरणारही नाही.

औषधविक्रेत्यांचाही यात वाटा आहे. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ परिशिष्टानुसार, त्यातील प्रतिजैविके विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि दिलेल्या औषधाचे परिमाण स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे त्यांस बंधनकारक आहे. तरीही चिठ्ठीवाचून चार गोळ्या कापून मिळण्याचा अनुभव कोणास नाही? अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्याच्या या दिवसांत शहरातील दुकानांच्या या वह्या तपासाव्यात, आणि तपासणीत काय आढळले ते नागरिकांपुढे मांडावे, अशी आमची मागणी आहे.