आधी मार्ग जोडा, मग वापर मोजा



‘मुंबईत सायकलने कामावर जातो कोण? जलवाहिनीलगतच्या सायकल मार्गावर पैसा कशाला?’ हा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सवाल वाचला. पाववाला, इस्त्रीवाला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन यांच्या सायकली त्यांच्या नजरेतून सुटलेल्या दिसतात. हेल्मेट घातलेली रविवारची हौशी मंडळी तेवढी दिसतात.

तानसा जलवाहिनीलगतची अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवली गेली. मोकळी झालेली जागा पुन्हा बळकावली जाऊ नये, हाही मुलुंड ते धारावी पट्ट्यातील ३९ किलोमीटरच्या सायकल मार्ग योजनेमागचा हेतू होता. तेव्हा हा खर्च निव्वळ चोचल्यांचा नाही.

मार्ग ओस वाटतो, कारण तो तुकड्यातुकड्यांत आहे. आडवा रस्ता आला की सायकलस्वार थेट रिक्षा-डंपरच्या गर्दीत. पलीकडे चढावे, तर तोंडाशीच स्कूटर लावलेली. अर्धवट पुलावर वर्दळ नाही म्हणून पूलच नको, असे कोणी म्हणत नाही.

सलग मार्ग, चौकात सिग्नल, रात्री दिवे आणि रेल्वे स्थानकाबाहेर सायकलला कुलूप लावण्याची सोय, एवढे करा. त्यानंतरही मार्ग रिकामा राहिला, तर पत्रलेखकाचे म्हणणे मान्य.

– एक सायकलस्वार वाचक, मुलुंड