कळलावीला तिची वई राहू द्या

मंडळी, या पावसाळ्यात गावी गेलात तर वईवर नीट बघा. हिरव्या गचपणातून लाल-पिवळ्या ज्वाळा डोकावतात ना, तीच कळलावी. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल!

आपल्याकडे मात्र वई तोडून सिमेंटची भिंत घालायची हौस आली आहे. कळलावीच्या पानाचं टोकच वळून आधार पकडतं. त्याला काडी, झुडूप लागतं. गुळगुळीत भिंतीला ती काय धरणार? पाणी निचरणारी माती, बुडाशी सावली आणि शेंड्याला ऊन, एवढंच तिचं मागणं. वई हे सगळं फुकट देते.

पावसाळा सरला की वेल वाळते. ती मेलेली नसते, जमिनीखाली कंद झोपलेला असतो. तेव्हा पाणी घालत बसलात तर तो कुजेल.

"विषारी आहे, काढून टाका," असं घरची वडीलधारी म्हणतात. खरंच आहे, सगळ्या वेलीत कोल्चिसिन असतं, कंदही जहरी. पण कण्हेरही विषारीच की! ती अंगणात चालते ना? मुलांना ओळख करून द्या, तोंडात घालू नका म्हणून बजावा, झालं.

आणि हो, बागेसाठी रानातले कंद उपटून आणू नका. बियांपासून रोपं होतात. फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत. भिंत बांधायची घाई असते, फुलाची कशाला?

तुमच्या गावची वई शाबूत आहे का? जरूर कळवा.