पुठ्ठ्याचे रणगाडे

आधीच सांगून टाकते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'ऐकीव' आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलं असेल, मतं मात्र माझीच आहेत. आणि मत असं, की सीमेवर जरा काही झालं की कँटीनमध्ये समोसा हातात धरून "एकदाचं घुसून मारायला पाहिजे!" म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक संध्याकाळ आमच्यासोबत रणगाड्यांची लढाई खेळायला बसवावं. (मुलांना आमच्या होस्टेलवर येता येत नाही, त्यांच्यासाठी लायब्ररीमागचा कट्टा आहे.)

झालं असं, की एक सीनियर पास आउट होताना आमच्या रूमवर एक पुठ्ठ्याचा डबा सोडून गेली. आत 'पँझरब्लिट्झ' नावाचा खेळ. अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९७० मध्ये काढलेला, जिम डनिगनने तयार केलेला. विषय दुसऱ्या महायुद्धातली जर्मन-रशियन आघाडी. नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन, त्यांना 'हेक्स' म्हणतात. एक हेक्स म्हणजे २५० मीटर, एक डाव म्हणजे सहा मिनिटं. पुठ्ठ्याच्या प्रत्येक चौकोनी सोंगटीवर चार आकडे : मारा किती, पल्ला किती, बचाव किती, चाल किती. मारा भागिले बचाव, मग फासा टाकायचा. बास. आम्हाला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम, सगळं आकड्यांतच आहे!

पण जर्मन-रशियन लढाईत आमचं मन रमेना. म्हणून आम्ही ठरवलं, आपली लढाई मांडायची. असल उत्तर, सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण. फर्स्ट इयरला ड्रॉइंगसाठी घेतलेला ड्राफ्टर पहिल्यांदाच आनंदाने बाहेर काढला. हाफ इम्पिरिअल शीटवर षटकोन आखले, त्यावर खेमकरणहून भिखीविंडकडे जाणारा रस्ता, असल उत्तर आणि चीमा ही गावं, नाला, शेतं. रूममेटने भारत घेतला, मी पाकिस्तान. का? तर पॅटन टँक! ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायचं यंत्र आत बसवलेलं, त्या काळातला एकदम लेटेस्ट माल. समोर आपले सेंच्युरियन, महायुद्धातले जुने शेरमन आणि हलके एएमएक्स-१३. स्पेसिफिकेशन बघून निर्णय घ्यायचा, हेच तर आपण इथे शिकतो ना?

पहिला सामना मी जिंकले. जिंकले म्हणजे काय, चिरडलंच! माझे पॅटन एका उसाच्या शेतातून दुसऱ्या शेतात पळत सुटले आणि कोणी काही करू शकलं नाही. कारण पँझरब्लिट्झच्या नियमांत एक भोक आहे. तुमचा डाव असताना समोरचा गोळीच झाडू शकत नाही. झाडीत उभं असलेलं तर दिसतही नाही, अगदी शेजारच्या हेक्समध्ये येईपर्यंत. त्यामुळे झाडीतून झाडीत पळा, मधल्या उघड्या जागेत धोका शून्य. या प्रकाराला जुन्या खेळाडूंनी 'पँझरबुश' असं चिडवायचं नावही ठेवलं होतं. कंपनीने १९७४ च्या 'पँझर लीडर'मध्ये हे भोक बुजवलं : समोरचा हलत असतानाच, तो उघड्यावर आला की त्याच्यावर मारा करता येईल, असा नियम आणला.

आम्हीही तो नियम लावला. शिवाय भिजलेल्या शेतात चाल एका हेक्सवर आणली. आणि दुसऱ्या सामन्यात अर्ध्या तासात माझे पॅटन संपले. तिसऱ्यातही तेच. मी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू!

मग पुस्तकं काढून वाचलं, तेव्हा कळलं की आम्ही लावलेला तो नियम म्हणजेच असल उत्तरची लढाई आहे. आपली ४ माउंटन डिव्हिजन आधी मागे सरली होती. हो, माघार! मग असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी रचना केली, शेतांत पाणी सोडलं आणि टँक उंच उसात लपवून वाट बघितली. ८ ते १० सप्टेंबर असं ते चाललं. चाळीस-पंचेचाळीस टनांचा पॅटन चिखलात हळू झाला की बाजूने मारा. भारतीय हिशेबाप्रमाणे पाकिस्तानचे ९७ टँक तिथे गेले. भिखीविंडला पकडलेले टँक इतके उभे केले होते, की त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणायला लागले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे तर टँकसुद्धा नव्हता, जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. त्यांची सोंगटी करताना मारा भरपूर लिहिला आणि बचावाच्या जागी १ लिहिला. जीपला कसलं आलंय चिलखत! त्या 'बचाव १'वर बसून त्यांनी पॅटन फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे शाळेत वाचलं होतं. पण तो '१' स्वतःच्या हाताने लिहिला तेव्हा पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं.

चौथ्या सामन्यात मी हुशारी केली. पाणी कुठे आहे हे मला माहीतच होतं, मी लांबून वळसा घातला. रूममेट म्हणाली, "चीटिंग! टँकच्या आत बसलेल्याला वरून नकाशा दिसतो का?" बरोबर होतं तिचं. मग आम्ही शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीला पंच केलं. हीही काही आमची आयडिया नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या फोन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये असाच खेळ सैन्याला दिला, त्यात पंच प्रत्येक बाजूला तिला दिसेल तेवढंच सांगायचा. पंच आल्यावर मी पुन्हा हरले, पण आता का हरले ते कळत होतं. मी घाईत होते आणि मला वाटत होतं की समोर कोणी नाही.

त्याच रात्रीची गोष्ट. मी एक मेलेली सोंगटी डब्यात टाकली आणि म्हटलं, "गेला एक." रूममेटचे काका रणगाड्यावर ड्रायव्हर होते. ती शांतपणे म्हणाली, "एक नाही गं. एका सोंगटीत तीन टँक, एका टँकमध्ये चार-पाच जण. बारा-पंधरा माणसं टाकलीस तू आत्ता." आणि ती माझी, म्हणजे 'शत्रूची' सोंगटी होती, तरी ती हे म्हणाली.

"मग हा खेळ खेळायचाच कशाला?" असं आमच्या एका सरांनी विचारलं. "माणसं मेली तिथे फासे काय टाकता?" त्यांचा प्रश्न मला अजून छळतो, पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं नक्की सांगते : लढाईचा सिनेमा बघून मी शिट्ट्या मारल्या आहेत, तेव्हा माणसं मोजली नव्हती. या टेबलावर मोजली. शिवाय भाषणांत फक्त शौर्य असतं. त्याआधीची माघार, सोडलेलं पाणी, उसात श्वास धरून बघितलेली वाट यातलं काहीच नसतं. नुसतं 'आपले शूर होते' म्हणून थांबलं तर त्यांच्या डोक्याचं श्रेय आपण काढून घेतो. आणि शत्रूकडे शूर माणसं नव्हती असंही नाही. त्यांच्याकडे तर मशीनही चांगलं होतं.

आपल्या टेक-फेस्टमध्ये दर वर्षी रोबोंची मारामारी असते. यंदा तिच्या शेजारी एक टेबल, एक शीट आणि एक पंच एवढं द्या. घोषणा देणाऱ्यांनी आधी पॅटनची बाजू घेऊन खेळावं. सहा-सात वेळा चिखलात रुतल्यावर "घुसून मारा" म्हणायच्या आधी माणूस निदान विचारतो, की समोर पाणी किती आहे आणि आत कोण बसलंय?

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, ड्राफ्टर आणि फासे तयार आहेत!